कार्डावर एकच नाव

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. भरवसा शाहू मिलच्या भोंग्यावर. भोंगा झाला की अम्मी तवा उतरवायची, अब्बा डबा उचलायचे आणि आम्ही पोरं दप्तर शोधायला लागायचो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली या मिलचा पाया घातला आणि त्याच साली मुस्लिम बोर्डिंगही सुरू झालं. मिल २००३ साली बंद झाली, बोर्डिंग दसरा चौकात अजून उभं आहे. अब्बा ही गोष्ट सांगताना नेहमी मिलपासून सुरुवात करायचे आणि बोर्डिंगवर संपवायचे. कधी उलट सांगितली नाही.

त्यांची धाकटी बहीण, आमची फुफी, सोलापुरात दिलेली. फुफा तिथल्या एका मिलमध्ये साच्यावर होते. अब्बांना वाटलं, बहीण पगाराच्या घरात गेली. त्यात चूक काही नव्हती. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. लोक तिला पुढे ‘जुनी मिल’च म्हणू लागले. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून मराठी-कन्नड माणसं आली आणि आपलेही लोक आले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ज्या चार सोलापूरकरांना फाशी झाली, त्यांतले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे वर्तमानपत्र चालवायचे आणि गिरणी कामगारांत काम करायचे. फुफा हे नाव घेताना बसलेले असले तर सावरून बसायचे.

नव्वदच्या दशकात फुफांची मिल बंद झाली. त्या वेळी फुफीला विड्या वळायला लागून बरीच वर्षं झाली होती. ‘वरखर्चाला’ म्हणून ती वळायची. मिल गेली आणि वरखर्चाचा पैसा हाच घरचा पैसा झाला. सोलापुरात असं हजारो घरांत झालं. पुरुषाचं काम शहराच्या मधोमध, मोठ्या चिमणीखाली होतं, म्हणून ते बंद पडलेलं सगळ्यांना दिसलं. बाईचं काम मांडीवरच्या सुपात होतं, ते चालू राहिलेलं कुणाला दिसलं नाही.

विडीचं काम कधी जवळून पाहिलंय का? रात्री तेंदूची पानं भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची. मग पानात चिमूटभर तंबाखू पसरून ते बोटांनी वळायचं, दोरा बांधायचा, टोक आत मुडपायचं. मजुरी हजारावर. हजार विड्या एकट्या बाईला दिवसभर मान वर करू देत नाहीत. शिवाय कारखान्यात माल दाखवला की काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतात, त्या तिच्या हिशेबातून जातात. पान फाटकं निघालं तर तेही तिच्याच अंगावर.

म्हणून घरातले सगळे हात लागतात. फुफीची मुलगी चौथीपासून दोरा बांधायला बसली आणि पाचवीत शाळा सुटली. दोन भाऊ मात्र शाळेत गेले, नंतर आयटीआय करून पुण्याकडच्या कारखान्यांत लागले. फुफासुद्धा पानं कापायचे, हे मला फार उशिरा कळलं. ते दार लावून कापायचे. साच्यावर उभा राहिलेला माणूस बायकांचं काम करतो हे गल्लीला दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही दार बंद. फुफी सांगते, त्यांचा हात इतका साफ होता की पान वाया जायचं नाही.

कारखान्याच्या कार्डावर मात्र नाव एकच, फुफीचं. प्रॉव्हिडंट फंड त्या नावावर, दवाखाना त्या नावावर, आणि घरही त्याच नावावर मिळालं.

ते घर कुंभारीला, सोलापूरच्या वेशीबाहेर, अक्कलकोट रस्त्यावर. नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या लाल बावटा युनियनने वर्षानुवर्षं झगडून विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी केली. तिला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं आणि २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचं वाटप झालं. काही पैसे केंद्राचे, काही राज्याचे, उरलेले बाईचे. त्याच कुंभारीत पुढे रे नगर झालं. तीस हजार घरांची ती योजना, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. बाहेरून पाहिलं तर हे एक शहरच आहे. पण आत राहणाऱ्याला वसाहत म्हणजे आपली गल्ली. समोरासमोरची पंधरा-वीस दारं, एक नळ आणि संध्याकाळी उंबऱ्यावर सुपं घेऊन बसलेल्या बायका.

पहिली वर्षं अवघड गेली. जमीन स्वस्त मिळते ती लांबच मिळते. पान-तंबाखू आणायला, माल द्यायला रिक्षा करावी लागे आणि दिवसाच्या मजुरीतला तुकडा भाड्यात जाई. रमजानात इफ्तारच्या आत घर गाठायचं म्हणून फुफी एकदा ओझं घेऊन अर्धा रस्ता चालत आली होती. फुफांची मय्यतही शहरातच न्यावी लागली. या वसाहतीचं कौतुक करणाऱ्या लेखांत हे भाडं सहसा नसतं. ज्यांनी ती लढून मिळवली त्यांचं मोल त्यामुळे कमी होत नाही, पण भाडं होतं ते होतं. शेजारीण मात्र फुफीला अशी मिळाली की बोलायलाच नको. ती तेलुगू, ही दखनी, भांडण मराठीत. ईदचा शीरखुर्मा तिकडे जातो आणि संक्रांतीची पोळी इकडे येते.

गेल्या महिन्यात फुफीला भेटायला गेले. आता ती सत्तरीची आहे. मुलगी विधवा होऊन नऊ वर्षांपूर्वी आईकडे परतली. तिची लेक बारावीत आहे आणि तिला नर्सिंगला जायचं आहे. कुंभारीतच मोठा दवाखाना आणि मेडिकल कॉलेज आहे. येता-जाता पांढरे कोट घातलेल्या मुली दिसतात, त्यावरून तिनं ठरवलंय. तिला फुफी सुपाला हात लावू देत नाही.

मुलांचा निरोप आला होता : घर विकू, अम्मीला पुण्याला आणू, पैसे वाटून घेऊ. शरीअतप्रमाणेच वाटू, असंही थोरला म्हणाला. म्हणजे पाच हिस्से करायचे, दोन-दोन भावांचे आणि एक बहिणीचा. फुफी मला म्हणाली, “बेटा, घर मेरे नामपर है, पर हात तो तीनों के लगे ना?”

मी तिला आधी एवढंच सांगितलं की वारसा माणूस गेल्यावर येतो. तू बसलेली असताना हिस्से कसले? तुझ्या हयातीत घर तुझं आणि निर्णयही तुझा. दुसरं, अशा योजनेतलं घर विकण्याच्या, नावावर करण्याच्या अटी असतात, वाटपाचा कागद आधी वाचायला हवा. मग पुढचं. वारस असलेल्या मुलीच्या नावे वसीयत करून भागत नाही, बाकीच्या वारसांची संमती लागते. हिबा हयातीत करता येतो, पण द्यायचं म्हटलं की ताबाही खरोखर द्यावा लागतो. आणि मुलांमध्ये देताना इन्साफ राखा, हा नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचा स्पष्ट इशारा आहे. नुअमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट दिली, तेव्हा बाकीच्यांनाही दिलं का, असं त्यांना विचारलं गेलं होतं.

फुफीनं हे सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “आणि मी लेकीचं देणं लागत असले तर?”

मी गप्प झाले. या बाजूनं मी विचारच केला नव्हता. तिनं पत्र्याच्या पेटीतून एक वही काढली. घराचे पैसे भरल्याच्या तारखा फुफांच्या अक्षरात होत्या, आणि प्रत्येक आठवड्यापुढे तीन आकडे : स्वतःचे, बायकोचे, मुलीचे. कुणी किती विड्यांचं काम केलं त्याचा मिलवाल्यानं ठेवलेला हजेरीपट. कार्डावर जे लिहिलं जात नव्हतं ते त्या माणसानं दार लावून वहीत लिहून ठेवलं होतं.

वारसा वाटण्याआधी मयताचं कर्ज फेडायचं असतं, हे आपल्याला तोंडपाठ असतं. कर्ज म्हटलं की मात्र आपल्याला सोसायटी आणि सावकार आठवतो, घरात बसून वळलेल्या हातांची मजुरी आठवत नाही. आई-बापाच्या घरात लेकीनं केलेलं काम कर्ज ठरतं की खिदमत, यावर आलिमांचं मत घ्यावं लागेल, आणि वकिलाचंही. मी दोन्हीकडे जायला सांगितलं आहे. पण माझं मन विचाराल तर भाऊ शाळेत असताना बहिणीनं बांधलेल्या दोऱ्याला खिदमत म्हणून सोडून देणं मला सोयीचं वाटतं, न्यायाचं नाही. एक हिस्सा तर तिला अल्लाहनं दिलेलाच आहे, प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

मी परतल्यावर फुफीनं दोघा मुलांना बोलावून घेतलं. चहा झाल्यावर वही पुढे ठेवली, बोलली काहीच नाही. धाकट्यानं चार पानं उलटली, अब्बांचं अक्षर पाहिलं आणि म्हणाला, मला यातलं काही नको, बहिणीला राहू दे. थोरला वही घेऊन बराच वेळ बाहेर उंबऱ्यावर बसला. त्याच्याही घरी दोन मुली आहेत, पुण्यातली खोली भाड्याची आहे, त्याचीही ओढाताण खोटी नाही. जाताना म्हणाला, मला विचार करू दे.

“मग?” मी फोनवर विचारलं.

“मग काय? दिला वेळ,” फुफी म्हणाली. “घर कुठं पळून चाललंय. नातीच्या फॉर्मची तारीख तेवढी बघून सांग.”