दंड ठोठावला, पण वसूल कोणाकडून?

वसईतल्या कुटुंबाने परदेशी संकेतस्थळावरून कपडे मागवले की सोसायटीचे नाव, विंग, मोबाइल क्रमांक, अगदी अंगाची मापेही देशाबाहेर जाऊन साठतात. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ही बाब ओळखली आहे. भारतातल्या ग्राहकांना माल विकणारी कंपनी परदेशात बसून त्यांची माहिती हाताळत असली तरी कायदा तिला लागू होतो, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. मुख्य बंधने दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होतील. मात्र इथे कार्यालय नाही, मालमत्ता नाही अशा कंपनीपुढे दंडाचा आकडा कितीही मोठा असला तरी पोकळच ठरतो. शिवाय वसूल झालेला दंड सरकारी तिजोरीत जाणार, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे कलम ४३अ याच कायद्याने वगळायचे ठरवले आहे. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काहीच नाही, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

संकेतस्थळ बंद करण्याचा अधिकार आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, पण दोन किंवा अधिक वेळा दंड झाल्यानंतरच माहिती संरक्षण मंडळ सरकारला तशी शिफारस करू शकते, आणि बंदीने बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. ‘शीइन’ या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या परदेशी कंपनीचे उदाहरण पाहा. २०१८मध्ये तिच्या ३ कोटी ९० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली. चोरीची व्याप्ती लपवली म्हणून २०२२मध्ये न्यूयॉर्क राज्याने मालक कंपनीकडून १९ लाख डॉलर घेतले. भारताने २०२०मध्ये तिच्या अ‍ॅपवर बंदी घातली, पण ती देशाच्या सुरक्षेच्या कारणाने, या चोरीसाठी नव्हे.

म्हणून पैशाच्या वाटेवर हात ठेवायला हवा. सीमेपलीकडची देणी हाताळणाऱ्या कंपन्या रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३मध्ये थेट आपल्या नियमनाखाली आणल्या. दंड थकवणाऱ्या विक्रेत्याची रक्कम तिथेच रोखण्याचा अधिकार माहिती संरक्षण मंडळाला द्यावा. याने छोटे परदेशी विक्रेते पळतील, असा आक्षेप येईल. पण २०२०चे ई-कॉमर्स नियम भारतीय ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत आणि भारतात राहणारा संपर्क अधिकारी मागतातच. अधूनमधून एखादे पार्सल पाठवणाऱ्याला यातून सूट देता येईल. उरलेल्यांसाठी ही तरतूद, आणि तिच्यासोबत ग्राहकाच्या भरपाईचा हक्क, मे २०२७पूर्वी कायद्यात यायला हवा.