पाठीच्या दुखण्याचा हिशेब

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत पाठदुखीचे कोणास नवल वाटत नाही. भातलावणीत दिवसभर वाकलेली, ओझ्याने दबलेली पाठ दुखणारच, हे सर्वांना ठाऊक असते आणि रात्रभर पडून राहिल्यावर ते दुखणे बव्हंशी ओसरते. परंतु विशी-तिशीतील एखाद्या तरुणाची पाठ याच्या अगदी उलट वागते. विश्रांतीने ती अधिकच आखडते, उत्तररात्री वेदनेने जाग येते, उठल्यावर तासभर वाकता येत नाही आणि हिंडू-फिरू लागल्यावर ती हळूहळू सैल होते. असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर कण्याच्या दाहक संधिवाताची शंका घ्यावी. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस हे त्याचे वैद्यकीय नाव. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच कण्याच्या आणि माकडहाडाजवळील सांध्यांवर उलटते. वेळीच आवर घातला नाही, तर काही रुग्णांत मणके एकमेकांस जुळून पाठ कायमची ताठ होते.

या व्याधीचे दुःख दुहेरी आहे. सकाळी सहाला अंथरुणातून न उठणारा मुलगा अकराच्या सुमारास दुकानाच्या गल्ल्यावर किंवा औद्योगिक वसाहतीतील पाळीवर ताठ उभा दिसतो. साहजिकच घरात त्याच्यावर आळसाचा ठपका येतो. साध्या क्ष-किरण चित्रात बदल उमटण्यास कित्येकदा वर्षे लागतात, त्यामुळे कागदही त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. जे दुखणे चेहऱ्यावर दिसत नाही आणि फोटोतही सापडत नाही, ते मोजायचे कसे?

याचे उत्तर इंग्लंडमधील बाथ या गावातून आले. महाडजवळ सव येथे जसे उष्ण पाण्याचे झरे आहेत, तसेच ते बाथ येथेही आहेत, आणि सांधेदुखीचे रुग्ण पूर्वापार तेथे जात आले. उष्णतेने ताठरपणा काही काळ सैलावतो, आतील दाह मात्र त्याने शमत नाही. तेथील संधिवात रुग्णालयातील वैद्यकांनी १९९४ मध्ये सहा प्रश्नांचे एक मापन प्रसिद्ध केले. ‘बॅसडाय’ या संक्षिप्त नावाने ते आज जगभर वापरले जाते.

प्रश्न साधे आहेत आणि ते गेल्या सात दिवसांपुरते विचारले जातात. थकवा किती होता? मान, पाठ किंवा खुब्यात वेदना किती? इतर सांध्यांत वेदना वा सूज किती? स्पर्शाने वा दाबाने दुखणाऱ्या जागांचा त्रास किती? सकाळचा ताठरपणा किती तीव्र होता? आणि तो किती वेळ टिकला? प्रत्येकास शून्य ते दहा गुण. शेवटच्या प्रश्नात ताठरपणा मुळीच नसेल तर शून्य, दोन तास किंवा अधिक असेल तर दहा.

हिशेबाचे एक उदाहरण पाहू. समजा एखाद्याने पहिल्या चार प्रश्नांस अनुक्रमे ६, ७, २ आणि ३ गुण दिले. ताठरपणाची तीव्रता ८, आणि तो एक तास टिकतो म्हणून ५. या शेवटच्या दोहोंची सरासरी साडेसहा. ती पहिल्या चारांत मिळवली की बेरीज साडेचोवीस. तिला पाचाने भागले की ४.९. चार किंवा त्याहून अधिक अंक आला, तर रोग जोरात आहे असे सामान्यतः मानतात. नियमित व्यायाम व औषधांनंतर हाच आकडा निम्म्यावर आला किंवा दोनाने उतरला, तर उपचार लागू पडले असे समजावे.

या मापाला मर्यादाही आहेत. सर्व उत्तरे रुग्णाचीच असल्याने रक्तक्षयाचा थकवा किंवा श्रमाची पाठदुखीही त्यात मिसळू शकते. म्हणून पुढे ‘ॲसडास’ हे दुसरे मापन आले. त्यात रुग्णाच्या उत्तरांना सी.आर.पी. किंवा ई.एस.आर. या रक्ततपासणीची जोड दिली जाते. १.३ पेक्षा कमी अंक म्हणजे रोग शांत, २.१ किंवा त्याहून अधिक म्हणजे जोर मोठा, ३.५ च्या वर म्हणजे फारच मोठा. मात्र अनेक रुग्णांत दाह असूनही सी.आर.पी. सामान्य येते, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखते कसे?’ असे घरच्यांनी विचारू नये.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर क्ष-किरण चित्र हा ताळेबंद आहे. आजवर जे नुकसान साचले, ते त्यात दिसते. बॅसडाय आणि ॲसडास ही चालू काळाची नफा-तोटा पत्रके आहेत. ताळेबंद बिघडण्याची वाट न पाहता चालू तोटा आवरणे, हाच या मोजमापाचा हेतू होय.

आपल्याकडे या आजारांची मोजदाद झालेली आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या तक्रारींची पाहणी झाली. सुमारे १८ टक्के प्रौढांना अशा तक्रारी आढळल्या. त्यांत हा विशिष्ट आजार थोड्यांनाच असतो, पण गर्दीतून तो ओळखणेच अवघड असते.

चवदार तळ्याच्या परिसरात राहणाऱ्या रुग्णास संधिवाततज्ज्ञ गाठायचा, तर बहुधा मुंबईचा महामार्ग किंवा वरंध घाट ओलांडून पुणे गाठावे लागते. काही तासांचा प्रवास करून आखडलेला रुग्ण तज्ज्ञांना तीन-चार महिन्यांतून एकदा, तोही दहा मिनिटे दिसतो. मधले नव्वद दिवस त्यांच्यापुढे ठेवण्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. महिन्यातून एक ठरलेली तारीख निवडावी, सहा गुण लिहावेत, भागाकार करावा आणि शेजारी त्या आठवड्यात घेतलेल्या औषधांची व चुकलेल्या व्यायामाची नोंद करावी. उपवासाच्या दिवसांत वेदनाशामक गोळी थांबली असेल, तर तेही लिहावे. रिकाम्या पोटी ती गोळी घेणे धोक्याचे असते, आणि ती थांबल्याने अंक चढला तर त्याचे कारण डॉक्टरांना कळले पाहिजे. उपवासापूर्वीच त्यांचा सल्ला घेणे अधिक बरे.

वडीलधाऱ्यांसमोर संकोचाने दोन गुण कमी सांगू नयेत, आणि सहानुभूतीसाठी दोन जास्तही लिहू नयेत, कारण औषध वाढवायचे की बदलायचे, याचा निर्णय याच अंकांवर होतो. घरातील मंडळींनीही ती वही अधूनमधून उघडून पाहावी. सकाळच्या ताठरपणापुढे ८ हा आकडा सलग तीन महिने लिहिलेला दिसला, तर त्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्याबरोबर तज्ज्ञांकडे जाण्याचा दिवस ठरवावा.