शिक्षा किती, हे कोणी ठरवायचं?

मंडळी, आमच्या पूर्णा जंक्शनवर पाकीटमार सापडला की गर्दीतला प्रत्येक जण न्यायाधीश होतो. एक म्हणतो सोडून द्या, दुसरा म्हणतो हात तोडा! हसू येतं, पण कायद्यातही पहिल्या साध्या चोरीला नुसत्या दंडापासून ३ वर्षं कैदेपर्यंत काहीही होऊ शकतं.

शिक्षेचे निकष ठरवायला कायद्याने एक समिती नेमा, असं न्या. मलिमथ समितीने २००३ सालीच सुचवलं होतं. अध्यक्ष माजी न्यायमूर्ती. सदस्य सरकारी पक्ष, वकील, पोलीस, समाजशास्त्रज्ञ आणि महिला प्रतिनिधी. यादी वाईट नाही. पण ज्याच्या घरी चोरी झाली तो कुठाय? आणि शिक्षा भोगून गावात परतलेला?

१ जुलै २०२४ पासून ५ हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा आहे. ती स्टेशन झाडण्याची असावी की दवाखान्यात राबण्याची? तीन महिने ‘आत’ राहिलेल्या पोराला नंतर कामावर कोण घेतं? ही उत्तरं दिल्लीच्या खुर्चीत नाहीत, तालुक्यात आहेत.

म्हणून माझं मत सरळ आहे. न्यायमूर्ती हवेतच, पण एक खुर्ची फिर्यादीला आणि एक सुटून आलेल्याला द्या. असो. तुम्ही कोणाला बसवाल?