सोसायटीत एक सीडी रायटर असू द्या

बेंगळुरूच्या महादेवपुरा भागात घरटी दोन-तीन लॅपटॉप असणे ही काही श्रीमंतीची खूण नाही. एक नवऱ्याच्या कंपनीचा, एक बायकोच्या कंपनीचा आणि एक मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला. पण कोल्हापूरहून सासूबाई गुडघ्याच्या एमआरआयची सीडी घेऊन आल्या, की हे घर हात टेकते. तिन्ही लॅपटॉपांत सीडी घालायला जागाच नसते. मग सोसायटीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा होते, ‘कोणाकडे सीडी ड्राइव्ह आहे का?’ उत्तर बहुधा एकच येते: ‘होता, मागच्या दिवाळीत भंगारात दिला.’

ड्राइव्ह घरातून गेला, सीडी मात्र राहिल्या. ॲपलने 2008 मध्ये मॅकबुक एअर सीडी ड्राइव्हशिवाय बाजारात आणला, तेव्हा लोकांनी नाके मुरडली होती. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. बाहेरून जोडायचा ‘सुपरड्राइव्ह’ ॲपल विकत होती, तोही 2024 मध्ये बंद झाला. आपल्याकडे ज्या मोझर बेअरने 28 रुपयांत सिनेमाची व्हीसीडी विकून बाजार हलवला होता, ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणे थांबवले. अजून एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर सहज मिळतो, साधारण दीड ते तीन हजारांत. तो मिळतोय तोवर घ्यावा. मात्र नव्या सीडी राइट करायला नव्हे, जुन्या रिकाम्या करायला.

महादेवपुऱ्यातून खरेदीला फार लांब जावे लागत नाही. व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुरा हा मेट्रोचा टप्पा मार्च 2023 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून जांभळी मार्गिका सलग धावू लागली. सिंगय्यनपाळ्यला बसायचे, मॅजेस्टिकला गाडी बदलायची, चिकपेटला उतरून एस. पी. रोड गाठायचा. ऑनलाइन मागवला तरी हरकत नाही. पण दुकानात ड्राइव्ह जोडून, घरून नेलेली एक जुनी सीडी आणि एक डीव्हीडी लावून पाहता येते. तेवढ्यासाठी ही फेरी सार्थकी लागते.

खोक्यावर ‘डीव्हीडी रायटर’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. तो सीडीही वाचतो आणि लिहितो. काही स्वस्त ‘कॉम्बो’ ड्राइव्ह डीव्हीडी वाचतात, पण लिहीत नाहीत. यूएसबी 3.0 च्या जाहिरातीला भुलून जादा पैसे मोजू नयेत. आठपट वेगाची डीव्हीडी सेकंदाला सुमारे 11 एमबी माहिती देते आणि तेवढी यूएसबी 2.0 आरामात पेलते. अडचण वेगाची नसते, विजेची असते. यूएसबी 2.0 चे पोर्ट 500 मिलिअँपिअरच देते आणि डिस्क फिरू लागताना ड्राइव्हला त्याहून जास्त वीज लागू शकते. म्हणून काही ड्राइव्हना दोन पिनांची केबल असते. ड्राइव्ह नुसता टकटक करत असेल, तर तो बिघडला असे ठरवण्याआधी यूएसबी हब काढून थेट लॅपटॉपला जोडून पाहावे. घरात जुना बंद लॅपटॉप पडला असेल, तर त्यातला ड्राइव्ह बाहेरच्या केसिंगमध्ये बसवूनही काम भागते.

महादेवपुऱ्यातली खास अडचण आणखी वेगळी आहे. बऱ्याच कंपन्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बाहेरच्या साठवणुकीसाठी बंद ठेवतात. त्यामुळे हे काम घरच्या संगणकावरच करावे लागते.

आता लग्नाची सीडी घ्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी व्हिडिओ शूटिंगवाले दोन-तीन व्हीसीडींचा संच द्यायचे, वर नवरा-नवरीचा फोटो छापलेला. अशी सीडी उघडली की त्यात ‘एमपीईजीएव्ही’ नावाचे फोल्डर दिसते आणि त्यात ‘डॅट’ प्रकारची फाइल असते. ती संगणकावर उतरवून व्हीएलसीमध्ये लावली की चालते. कधी कॉपी होता होता मध्येच रखडते. ड्राइव्ह घरघरतो, थांबतो, पुन्हा जोर लावतो. सीडीवरची माहिती मधल्या भोकाकडून कडेकडे लिहिलेली असते आणि हाताळताना आधी खराब होते ती कड. त्यामुळे पूर्ण भरलेल्या डिस्कवर सीमांतपूजन स्वच्छ दिसते आणि वरातीपाशी चित्र गोठते. अशा वेळी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल नव्हे. मग दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर लावून पाहावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा वाचतो, असे पुष्कळदा घडते.

चकचकीत बाजूला ओरखडा पडला की लोक हळहळतात. पण सीडीचा खरा घात होतो तो नावाच्या बाजूने. माहितीचा थर तिथेच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनने दाबून ‘मुंज’ असे लिहिले, तर त्या मुंजीचाच काही भाग कायमचा जाऊ शकतो. डीव्हीडीत हा थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने ती थोडी सुरक्षित. शिवाय घरी राइट केलेली सीडी म्हणजे रंगद्रव्यावर लेझरने उमटवलेल्या खुणा. ऊन आणि उष्णता त्या रंगाला मानवत नाहीत. कारखान्यात ठसा मारून काढलेली नाट्यगीतांची सीडी अजून खणखणीत वाजते आणि तिच्याच शेजारी ठेवलेली घरगुती सीडी ‘रिकामी’ दिसते, ती यामुळे.

म्हणूनच जपणुकीसाठी आज नवी सीडी राइट करणे शहाणपणाचे नाही. 700 एमबीच्या शंभर सीडी भरल्या, तरी होतात 70 जीबी. 128 जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये त्या मावतात. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक गावच्या घरी ठेवली, की झाले. राइट करायचेच असेल तर आजोबांच्या जुन्या सीडी प्लेअरसाठी करावे. तिथे ‘ऑडिओ सीडी’ हाच पर्याय निवडावा, वेग मध्यम ठेवावा आणि शेवटी पडताळणी करून घ्यावी. अशा सीडीवर सुमारे 80 मिनिटांचीच गाणी बसतात.

रुग्णालयाच्या सीडीचे तंत्र निराळे. त्यात ‘डायकॉम’ पद्धतीच्या शेकडो प्रतिमा असतात आणि त्या दाखवणारा प्रोग्रॅम बहुधा फक्त विंडोजवर चालतो. एखादे चित्र उचलण्यापेक्षा सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावे. दुसऱ्या डॉक्टरांना तेच उपयोगी पडते. खरे तर ही सीडी रुग्णाच्या हाती देऊन मोकळे होण्याचे दिवस आता संपायला हवेत. तपासणीचे पैसे घेणाऱ्याने डाउनलोडची लिंकही द्यावी आणि रुग्णानेही ती न संकोचता मागावी.

तोवर प्रत्येक घराने रायटर विकत घ्यायची गरज नाही. सोसायटीत शिडी आणि ड्रिल मशीन या घरातून त्या घरात फिरतेच, तसा हा ड्राइव्हही फिरू शकतो. दहा घरांनी दोन-दोनशे रुपये काढले तर तो येतो. भरलेली डीव्हीडी उतरायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. रोज रात्री जेवणानंतर चार-पाच लावल्या, तर पन्नास डिस्कचे खोके दोन आठवड्यांत रिकामे होते. येत्या दिवाळीच्या साफसफाईत ते खोके सापडेल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी त्या सीडी उतरवून घ्या.