‘आमचा कुत्रा काही करत नाही’ : मुलांची सुरक्षा आणि मालकांचे उत्तरदायित्व

दिल्लीतील एका सहा वर्षांच्या बालिकेचा रेबीजने मृत्यू झाल्याच्या बातमीची सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि भटक्या कुत्र्यांचा प्रश्न देशभर गाजू लागला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटविण्याचा आदेश न्यायालयाने दिला. प्राणीप्रेमी एका बाजूला आणि त्रस्त नागरिक दुसऱ्या बाजूला, असे दोन तट पडले.

या गदारोळात एका कुत्र्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तो रस्त्यावरचा नाही. त्याच्या गळ्यात पट्टा आहे, त्याला नाव आहे, त्याला दोन वेळा खायला मिळते आणि त्याचा मालक आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कदाचित आपला शेजारी किंवा नातलगही आहे. भटक्या कुत्र्याविषयी नगरपरिषदेला जाब विचारता येतो. पाळीव कुत्र्याविषयी जाब विचारायचा तो एका माणसाला, आणि तेथेच आपली जीभ अडखळते. या अडखळण्याची किंमत मुलांना मोजावी लागते, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

उत्तरेस मुंबई, दक्षिणेस गोवा

रत्नागिरीच्या दोन्ही बाजूंना अलीकडे घडलेल्या दोन घटना आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या आहेत. १७ जुलै २०२५ रोजी मुंबईतील मानखुर्द येथे उभ्या असलेल्या एका रिक्षात ११ वर्षांचा मुलगा खेळत होता. एका इसमाने आपला पिटबुल जातीचा कुत्रा त्याच्या अंगावर सोडला, अशी तक्रार आहे. कुत्र्याने मुलाच्या हनुवटीचा चावा घेतला. मूल भेदरून ओरडत असताना मालक हसत असल्याचे चित्रण पुढे देशभर पाहिले गेले. ते पाहणाऱ्यांना एक प्रश्न पडल्यावाचून राहिला नाही : जवळपासच्या माणसांना चित्रण करण्याइतका वेळ होता, मग मुलाला बाहेर ओढण्याइतका का नव्हता? पोलिसांनी मालकावर गुन्हा नोंदवला.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, गोव्यातील हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर पिटबुल व रॉटवायलर या जातींवर बंदी आणण्याच्या दिशेने गोवा शासनाने पावले उचलली. मे २०२४ मध्ये चेन्नईच्या एका उद्यानात दोन रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले होते.

परंतु आमच्या मते सर्वांत अधिक विचार करायला लावणारी घटना गाझियाबादची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे १४ वर्षांचा एक मुलगा रेबीजने दगावला. सुमारे दीड महिन्यापूर्वी शेजाऱ्यांचा कुत्रा त्याला चावला होता. घरचे रागावतील या भीतीने त्याने ती गोष्ट लपवून ठेवली. लक्षणे दिसू लागली तेव्हा वेळ निघून गेली होती. त्याच्या मृत्यूस रेबीजचा विषाणू जितका कारण ठरला, तितकेच शेजाऱ्यांचे मौन आणि मुलाच्या मनातले भयही कारण ठरले.

आपल्या वाड्या, आपले कुत्रे

रत्नागिरी जिल्ह्यात कुत्रा हा हौसेचा विषय पुढे झाला. मुळात तो राखणीचा सोबती. वानर-माकडे आणि रानडुकरे बागायतीचा फडशा पाडतात, रात्री बिबट्या वाडीपर्यंत येतो, हापूसच्या हंगामात बागेला पहारा लागतो. एकेकट्या घरांत वृद्ध माणसे राहतात आणि मुलेबाळे मुंबईला. अशा ठिकाणी कुत्र्याचा आधार मोठा असतो. त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही.

पण हाच कुत्रा दिवसभर हातभर साखळीला बांधलेला असतो आणि रात्री मोकळा सोडला जातो. सकाळी तो पुन्हा बांधायचा राहिला, की शाळेत निघालेली मुले पाणंदीत त्याच्यासमोर येतात. चिऱ्यांच्या गडग्यावरून उडी मारणे त्याला अवघड नसते. दुसरीकडे, शहराच्या कडेने उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत हजारो रुपये मोजून विदेशी जातींची पिल्ले आणली जातात. जिना, उद्वाहन आणि वाहनतळ एवढेच त्यांचे जग होते. त्यांना ना पुरेसा व्यायाम मिळतो, ना शिकवण. दोन्हीकडे मालकाच्या तोंडी वाक्य एकच : ‘घाबरू नका, आमचा कुत्रा काही करत नाही.’

हे वाक्य बहुधा प्रामाणिकपणे उच्चारलेले असते. मालकाला तो खरोखरच काही करत नाही. पण धावणारे, किंचाळणारे, हातात खाऊ घेतलेले परके मूल म्हणजे मालक नव्हे. मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. म्हणून मोठ्यांच्या पोटरीला होणारी जखम लहानग्यांच्या गालाला, ओठाला किंवा मानेला होते. घरच्या मुलांनाही धोका नाही असे समजू नये. मुलांना होणारे अनेक दंश ओळखीच्या कुत्र्यांचेच असतात, आणि ते खाताना, झोपेत असताना किंवा पिल्लांजवळ गेल्यावर होतात.

‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण माणसांना लागू असेल; कुत्र्यांना ती लागू नाही. कुत्रा चावण्याआधी बहुतेक वेळा सांगत असतो. अंग ताठ करतो, मान फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, ओठ वर उचलून गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल जो मालक त्याला काठीने बडवतो, तो त्याची ही भाषाच काढून घेतो. पुढच्या वेळी तो कुत्रा न सांगता चावण्याचा संभव असतो.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ या बाबतीत स्पष्ट आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी जो जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणे घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वीच्या दंडसंहितेच्या कलम २८९ मध्ये दंडाची मर्यादा केवळ एक हजार रुपये होती. येथे ‘संभाव्य धोका’ या शब्दांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कुत्रा चावेपर्यंत थांबावे, असे कायदा म्हणत नाही.

कुत्र्याच्या बाजूनेही कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीला बांधणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. हे दोन कायदे परस्परविरोधी नाहीत. अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील दंशांचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये अंगणात साखळीला बांधलेल्या आणि निर्बीजीकरण न केलेल्या कुत्र्यांचे प्रमाण त्यात अधिक आढळले. म्हणजे कुत्र्यावरची क्रूरता आणि मुलांवरचा धोका पुष्कळदा एकाच अंगणात वाढतात.

अडचण आहे ती विलंबाची. मुंबईच्या नेपियन सी रोडवर २०१० साली एका रॉटवायलरने वृद्ध गृहस्थांचा चावा घेतला. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ साली. वरळीत २०१८ साली लिफ्टमध्ये लहान मुलाला घेऊन उभ्या असलेल्या पित्याने ‘थोडे थांबा’ अशी विनंती केली असतानाही मालकाने कुत्रा ओढत आत आणला आणि तो पित्याला चावला. चार महिन्यांच्या सक्तमजुरीचा निकाल मे २०२५ मध्ये लागला. तोवर बालपण सरून जाते. म्हणून केवळ न्यायालयावर भिस्त ठेवून चालणार नाही.

जातींवर बंदी हा उपाय आहे काय?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र शासनाने २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, विक्री व पैदास रोखण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. संबंधितांशी सल्लामसलत न करता निर्णय घेतल्याचा आक्षेप त्यात होता. बलदंड जातीच्या कुत्र्याचा चावा अधिक घातक ठरतो, हे मान्य करावेच लागेल. लहान मुले असलेल्या घरात तसा कुत्रा आणण्याचा मोह टाळलेला बरा. तरीही गाझियाबादच्या त्या मुलाचा जीव घेण्यास जबड्याची ताकद लागली नव्हती; लस न टोचलेल्या कुत्र्याचा दंशही प्राणघातक ठरू शकतो.

नोएडा प्राधिकरणाने वेगळी वाट धरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केलेल्या धोरणानुसार पाळीव कुत्र्याची नोंदणी आवश्यक ठरली आणि १ मार्च २०२३ पासून कुत्र्यामुळे इजा झाल्यास मालकाला दहा हजार रुपये दंड व जखमीच्या उपचाराचा खर्च अशी तरतूद झाली. जात कोणतीही असो, उत्तर मालकाने द्यायचे, हे त्यामागचे तत्त्व आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

हे तत्त्व आपल्याला नवे नाही. पवित्र शास्त्रात निर्गमच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अवचित शिंग मारले तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे त्याला आधी सांगितलेले असूनही त्याने त्याला आवरले नाही, तर दोष मालकाचा. आणि बळी मुलगा वा मुलगी असली तरी नियम तोच, असे तेथे आवर्जून म्हटले आहे. दोष ठरतो तो जाणिवेवरून. मग मालकाला ती जाणीव करून देणे, हे शेजाऱ्याचे कर्तव्य ठरत नाही काय?

आपण काय करू शकतो?

मालकांनी : पिल्लू तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस द्यावी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी ती पुन्हा द्यावी. निर्बीजीकरणाचा विचार करावा. कुंपण व फाटक धड ठेवावे. बाहेर नेताना कुत्रा मोठ्या माणसाच्या हाती असावा, मुलाच्या नव्हे. पाहुण्यांची मुले घरी आली की कुत्रा वेगळ्या खोलीत ठेवावा. कुत्रा एकदा गुरगुरला किंवा अंगावर धावला, तर त्याला पूर्वसूचना समजावे.

पालकांनी : तान्हे मूल आणि कुत्रा यांना क्षणभरही एकटे सोडू नये, मग कुत्रा कितीही गुणी असो. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, त्याला मिठी मारायची नाही, हे मुलांना शिकवावे. अनोळखी कुत्रा जवळ आला तर पळू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. खाली पडल्यास अंग चोरून हातांनी चेहरा व मान झाकावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा आला तरी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही,’ हे मुलांना आजच सांगावे. दिलेला शब्द पाळावा.

दंश झाल्यास : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, गावठी औषध यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही आवश्यक असते. लसीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी पूर्ण कराव्यात. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्या निकालासाठी उपचार थांबवू नये. कुत्रा घरचा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी ज्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस प्रथम टोचली, त्याला चावलेला कुत्राही एका दुकानदाराचा पाळीव कुत्राच होता. तो मुलगा वाचला. आज ती लस शासकीय रुग्णालयात मिळत असताना आपल्या मुलांनी दगावावे, हे लज्जास्पद आहे.

शेजारधर्माचा खरा अर्थ

वाडीत सगळेच एकमेकांचे. कुत्र्यावरून बोलले तर मनात अढी बसेल, पिढ्यान्पिढ्यांचे संबंध बिघडतील, या विचाराने आपण गप्प बसतो आणि मुलांना लांबच्या वाटेने शाळेत पाठवतो. आमच्या मते हा शेजारधर्म नव्हे. पहिल्या गुरगुरण्याच्या वेळी घरी जाऊन शांतपणे सांगावे. ऐकले नाही, तर दोन-चार जाणत्या मंडळींना सोबत न्यावे. तरीही फरक पडला नाही, तर ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय मग मालकाला उरत नाही. धर्मग्रामातील पालकसभांत आणि मुलांच्या धर्मशिक्षण वर्गांत या विषयासाठी अर्धा तास काढता येईल. पशुवैद्यकांना बोलावून लसीकरणाचा एक दिवसही ठरवता येईल.

आणि ज्यांच्या दारी कुत्रा आहे, त्यांनी कोणी तक्रार घेऊन आले तर ती अपमान मानू नये. जो शेजारी वेळीच सांगतो, तो त्यांच्या कुत्र्यालाही वाचवत असतो; कारण एखाद्या मुलाला इजा झाली, की त्या मुक्या जनावराची गय सहसा कोणी करत नाही.