औषध देणारा हातही शिकलेला हवा

प्रशांत महासागरातील किरिबाटी हे ३३ बेटांचे राष्ट्र. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. पण बेटे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर सागरात विखुरलेली. दूरच्या बेटांवर बहुधा डॉक्टर नाही, फार्मसिस्टही नाही. दवाखान्यातील परिचारिकाच रुग्ण तपासते, औषध देते आणि साठाही सांभाळते. मागणी चुकली, तर पुढची बोट येईपर्यंत कपाट रिकामे!

म्हणूनच अशा बेटांवर औषधे हाताळणाऱ्याला नेमके काय आले पाहिजे, याचे मानक हवे. मोठ्या देशांचा अभ्यासक्रम तेथे लादून भागणार नाही. महिन्याचा खप काढून मागणी नोंदविणे, मुदत आधी संपणारे औषध आधी देणे, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणे, बाळाच्या वजनानुसार मात्रा काढणे व ती आईला तिच्या भाषेत समजावणे, ही कामे प्रत्यक्ष करून दाखविता आली पाहिजेत. परीक्षा औषधाच्या कपाटासमोरच व्हावी.

यातून अर्धवट शिकलेले फार्मसिस्ट तयार होतील, अशी शंका कोणी घेईल. पण ही माणसे ते काम आजही करीतच आहेत. त्यांना न शिकविता तसेच ठेवणे अधिक धोक्याचे.

वाचकहो, आम्ही डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळे होतो. औषध रुग्णाला मिळते ते दुसऱ्याच्या हातून. तो हात शिकलेला असावा, हे बेटावर जितके खरे, तितकेच आपल्या गावातही.