खऱ्या बोलण्यासही दंड

मुलांची वाणी शुद्ध असावी म्हणून आपण जपतों. त्या शुद्ध वाणीनें तीं कोणास काय म्हणतात, इकडे मात्र आपलें लक्ष नसतें. आमच्या पाथरीस काय किंवा पुण्यास काय, ‘लंगडी सबब’, ‘बहिरा झालास काय?’ हीं वचनें घरोघर ऐकूं येतात. एका नांवाचे दोन गृहस्थ असले, तर एकाचें व्यंगच त्याच्या नांवास चिकटतें. कोणी हटकलें तर उत्तर ठरलेलें : “खोटें काय बोललों?”

या उत्तराचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं पूर्वींच केला आहे. काण्यास काणा किंवा लंगड्यास लंगडा असें खरेपणानें म्हटलें तरी मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत किमान एक कार्षापण दंड आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘वाक्पारुष्य’ प्रकरणीं व्यंग खरें असतां ३ पण, खोटें असतां ६, आणि काण्यास ‘सुंदर डोळ्यांचा’ असें उपरोधानें म्हटल्यास १२ पण दंड सांगितला आहे. सत्य ही टोचण्याची सनद नव्हे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

परंतु त्याच मनुस्मृतीनें नवव्या अध्यायांत जन्मांध व जन्मबधिर यांस दायभागांतून वगळून केवळ अन्नवस्त्राचा अधिकार ठेविला, हेंही लपवूं नये. इंग्रजी अमलांतील १९२८ च्या कायद्यानें हें वगळणें बहुतांशीं दूर केलें, आणि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें रोग वा व्यंग यांमुळें वारसा बुडत नाहीं असें ठरविलें. २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता देऊन समान प्रतिष्ठेचा हक्क सांगितला. वांटा मिळाला; आतां उरला तो जिभेवरचा मान, आणि तो कायद्यानें नव्हे, घरच्या वळणानेंच मिळावयाचा.

हें वळण कठीण नाहीं. ‘लंगडी सबब’ न म्हणतां ‘पोकळ सबब’ म्हणावें. ‘आंधळा विश्वास’ न म्हणतां ‘अविचारी विश्वास’ म्हणावें. माणसाचा उल्लेख नांवानें वा नात्यानें करावा. सांगणें अगत्याचेंच असेल तेथें ‘त्यांस ऐकूं येत नाहीं’ असें सरळ सांगावें. शासनव्यवहारांत ‘दिव्यांग’ शब्द रूढ आहे. तो रुचतो कीं नाहीं, हें ज्याचें त्यासच विचारावें.

एकत्र कुटुंबांत कमी ऐकणारे आजोबा बहुधा असतातच. दुसऱ्यावर फेंकलेला ‘बहिरा’ हा शब्द वाटेंत त्यांच्याच अंगावर पडतो. त्यांस तो कदाचित् ऐकूं येणार नाहीं. शेजारीं बसलेला नातू मात्र तो ऐकतो, आणि शिकतो.